भेसळीचा पुरावा

अन्नांत भेसळ करणाराला शासन असावें ही कल्पना कांहीं नवी नाहीं. धान्य, तेलतूप, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्यें आणि औषधें यांत त्याच रंगाचा हलका माल मिसळणाराला १२ पणांचा दंड कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांगितलेला आहे. इंग्लंडांतहि १२६६ च्या सुमारास पाव व बीअर यांचीं मापें आणि दर ठरविणारी राजाज्ञा निघाली होती, आणि लबाड भटाऱ्याला भर बाजारांत खोड्यांत अडकवून ठेवण्याचा प्रघात होता. तथापि दंड सांगणें निराळें आणि भेसळ सिद्ध करणें निराळें. पावाचें वजन तराजू दाखवितो. पण पावाच्या पोटांत काय आहे तें तराजूला कळत नाहीं. पिठांत खडूची पूड आहे, कीं तुरटी आहे, कीं निवळ गहूच आहे, हें न्यायाधीशापुढें शपथेवर सांगणारा मनुष्य जोंपर्यंत नव्हता, तोंपर्यंत सगळे कायदे ग्रंथांतच राहिले. तो मनुष्य एकोणिसाव्या शतकांत लंडन शहरांत निर्माण झाला. कसा, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

या कामीं पहिलें पाऊल एका परक्या माणसानें टाकलें. फ्रेडरिक अॅकम हा जर्मनींत जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ १७९३ सालीं लंडनास आला व व्याख्यानें, उपकरणें आणि पृथक्करणें यांवर त्यानें तेथें मोठा लौकिक मिळविला. १८२० मध्यें त्यानें अन्नांतील भेसळ व स्वयंपाकांतील विषें यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. मडक्यांत मरण आहे अशा आशयाचें बायबलांतील वचन आणि माणसाची कवटी त्याच्या मुखपृष्ठावर छापलेली होती. महिन्याभरांत पुस्तकाच्या १,००० प्रती खपल्या. पण अॅकमनें एक धाडस केलें होतें. ज्या व्यापाऱ्यांस भेसळीबद्दल शिक्षा झाल्या होत्या त्यांचीं नांवें त्यानें पुस्तकांत घातलीं. त्याला निनांवी धमक्या आल्या. पुढें त्याच वर्षाच्या अखेरीस रॉयल इन्स्टिट्यूशनच्या ग्रंथालयांतील पुस्तकांचीं पानें फाडल्याचा आरोप त्याच्यावर आला. आरोप खोटा होता असें म्हणतां येत नाहीं. पण ज्यांना त्याच्या तोंडाला कुलूप हवें होतें त्यांना ही पर्वणीच वाटली असेल. अॅकम जामिनावर सुटला आणि खटल्यास तोंड न देतां १८२१ सालीं जर्मनीस निघून गेला. त्याच्यामागें तो विषयहि जवळजवळ ३० वर्षें मागें पडला.

तो पुन्हां उघडला गेला कॉफीच्या पेल्यांतून. त्या काळीं लंडनमधील दुकानदार दळलेल्या कॉफींत चिकोरी नांवाच्या वनस्पतीचें मूळ भाजून मिसळीत असत. १८४० पासून सरकारी खजिन्याचीच या मिश्रणास मोकळीक होती. चिकोरीपर्यंत प्रकार थांबता तरी एक वेळ चाललें असतें; परंतु चिकोरींतहि पुन्हां भाजलेलें धान्य, ओकाचीं फळें व असेंच कांहीं मिसळलें जाई. प्रकरण पार्लमेंटांत गेलें तेव्हां अर्थमंत्री सर चार्ल्स वुड यांनीं रसायनशास्त्रज्ञांच्या अभिप्रायाच्या आधारें असें सांगितलें कीं, कॉफींतील चिकोरी रसायनानें किंवा दुसऱ्या कोणत्याहि उपायानें ओळखतां येणें शक्य नाहीं.

आर्थर हिल हॅसल नांवाच्या एका तरुण डॉक्टराला हें विधान पटलें नाहीं. हॅसल हा १८१७ चा जन्मलेला, वनस्पतिशास्त्राचा व्यासंगी आणि सूक्ष्मदर्शक यंत्राचा भक्त. लंडनच्या नळांतून येणारें थेम्स नदीचें पाणी त्यानें १८५० सालींच यंत्राखालीं पाहून त्यांतील प्राण्यांचीं व वनस्पतींचीं चित्रें लोकांपुढें मांडलीं होतीं. तीं पाहून पुष्कळांच्या घशाखालीं पाणी उतरेनासें झालें. ज्याला शेवाळ्याचे प्रकार ओळखतां येतात त्याला कॉफीचें बीं आणि चिकोरीचें मूळ यांतला फरक कळूं नये हें शक्यच नव्हतें. बीं कितीहि भाजा, कितीहि दळा, त्याच्या पेशींची घडण मुळाच्या घडणीहून वेगळीच राहते. रसायनशास्त्रज्ञ पदार्थ विरघळवून त्याचें सत्त्व शोधीत बसले होते. हॅसलनें नुसता कण कांचेवर ठेवला आणि पाहिला. दुकानादुकानांतून आणलेल्या कॉफीचे नमुने तपासून त्यानें १८५० मध्येंच लंडनच्या वनस्पतिशास्त्र-मंडळापुढें आपला निबंध वाचला. मंत्र्यांस जें अशक्य वाटलें तें एका भिंगानें केलें!

हा निबंध टॉमस वॅक्ली याच्या दृष्टीस पडला. 'लॅन्सेट' हें वैद्यकीय साप्ताहिक १८२३ सालीं काढणारा हा गृहस्थ म्हणजे एक वादळच होतें. डॉक्टर, संपादक, कॉरोनर आणि पार्लमेंटचा सभासद अशा चारहि नात्यांनीं त्यानें आयुष्यभर भांडणें ओढवून घेतलीं होतीं. त्यानें हॅसलला विचारलें, अन्नाच्या सर्व पदार्थांची अशीच तपासणी करशील काय? त्यांतूनच जानेवारी १८५१ पासून 'लॅन्सेट'मध्यें 'पृथक्करण व आरोग्य मंडळा'चे अहवाल येऊं लागले. मंडळ हें नांव भारदस्त खरें. पण त्यांतील बहुतेक सगळें काम एकट्या हॅसलच्या अंगावर पडलें. संध्याकाळीं दुकानांतून पुडे विकत आणावयाचे, त्यांवर दुकानाचें नांव, पत्ता व तारीख लिहावयाची, आणि मग रात्र रात्र भिंगाला डोळा लावून बसावयाचें. लेखांबरोबर कणांचीं रेखाटलेलीं चित्रेंहि छापलीं जात.

या लेखमालेंतील खरी ठिणगी मात्र चित्रांत नव्हती. अहवालाखालीं प्रत्येक नमुना कोणत्या दुकानांतून घेतला त्याचें नांव व पत्ता छापला जात असे. ज्याचा माल अस्सल त्याचेंहि नांव, आणि ज्याचा भेसळीचा त्याचेंहि नांव. अॅकमनें ज्यांच्यावर आधींच शिक्षेचा शिक्का बसला होता तींच नांवें छापलीं होतीं. येथें न्यायालय नाहीं, फिर्याद नाहीं, केवळ एका डॉक्टराच्या डोळ्यांच्या साक्षीवर चालत्या दुकानदाराला लबाड ठरवावयाचें होतें. एक चूक झाली असती तरी बेअब्रूच्या खटल्यांत वॅक्ली बुडाला असता, आणि हॅसलच्या शास्त्राला कायमचा बट्टा लागला असता. लेखमाला १८५४ पर्यंत चालली, आणि पुढील वर्षीं हॅसलनें ती एकत्र करून ग्रंथरूपानें छापली.

या अहवालांत काय काय निघालें तें वाचतांना आजहि अंगावर कांटा येतो. कॉफीच्या ३४ नमुन्यांपैकीं ३१ नमुन्यांत चिकोरी होती. पावाचे ४९ नमुने तपासले. त्यांपैकीं एकहि तुरटीवांचून नव्हता. तुरटीमुळें हलक्या पिठाचा पावहि पांढरा शुभ्र होतो, आणि पांढरा पाव हें त्या काळीं सभ्यपणाचें लक्षण समजलें जाई. तिखटाला शेंदूर आणि हिंगूळ यांचा रंग होता. शेंदूर म्हणजे शिशाचा क्षार आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा. आपल्याकडे जी वस्तु देवाच्या मूर्तीला लावावयाची ती तेथें माणसाच्या पोटांत जात होती. बाटल्यांतील लोणचीं आणि फळें हिरवींगार दिसावींत म्हणून त्यांत तांब्याचा क्षार उतरविला जाई. हिरव्या चहाला प्रशियन निळ्या रंगाचें पूट असे. हॉटेलांतून व कॉफीगृहांतून नोकरांकडून वापरलेला चोथा विकत घेऊन, तो वाळवून, डिंक व रंग लावून पुन्हां चहा म्हणून विकण्याचा तर स्वतंत्र धंदाच होता. दुधांत पाणी होतें, हें मुंबई-पुण्याच्या गृहिणीला सांगावयास नकोच.

सर्वांत भयंकर प्रकार मुलांच्या खाऊचा. पिवळ्या गोळ्यांत शिशापासून केलेला पिवळा रंग, तांबड्या गोळ्यांत शेंदूर, आणि हिरव्या गोळ्यांत तांबें व सोमल यांच्या संयोगाचा रंग सांपडला. दुकानदार दुष्ट होते असें नव्हे. पुष्कळांना आपण काय घालीत आहोंत हेंच ठाऊक नव्हतें; रंगवाला देई तो रंग ते वापरीत. जेथें कोणीच कोणास विचारीत नाहीं तेथें पाप सर्वांत वांटलें जातें आणि कोणाच्याच पदरीं पडत नाहीं.

लोकांत खळबळ उडाली. बर्मिंगहॅमचा एक शस्त्रवैद्य जॉन पोस्टगेट यानेंहि याच सुमारास चळवळ सुरू केली होती. लहानपणीं तो एका वाण्याच्या दुकानीं पोऱ्या होता. मालांत काय मिसळतात तें त्यानें पुस्तकांत नव्हे, पोत्यांपाशीं उभें राहून पाहिलें होतें. बर्मिंगहॅमचे पार्लमेंटांतील प्रतिनिधि विल्यम स्कोलफील्ड यांस त्यानें गांठलें, आणि त्यांच्या अध्यक्षतेखालीं १८५५ व १८५६ सालीं पार्लमेंटच्या समितीनें साक्षी घेतल्या. लंडनमधील एका नामांकित लोणचेंवाल्यानें समितीपुढें सरळ कबुली दिली कीं, आम्ही तांबें वापरीत होतों, 'लॅन्सेट'मधील लेख वाचून तें सोडलें, आणि लोणचीं तपकिरी दिसूं लागतांच गिऱ्हाइकांनींच प्रथम नाकें मुरडलीं. ही साक्ष मोठी मार्मिक आहे. भेसळीला विकणाऱ्याच्या लोभाइतकेंच घेणाऱ्याच्या डोळ्यांचे चोचलेहि कारण असतात. समितीनें भेसळ सार्वत्रिक असल्याचें मान्य केलें. परंतु कायदा मात्र लगेच झाला नाहीं. व्यापार मोकळा असावा, गिऱ्हाइकानें आपलें हित आपण पाहावें, हें त्या काळच्या मुत्सद्द्यांचें ब्रीद होतें. मिठाईच्या गोळींत काय आहे हें चार वर्षांच्या मुलानें कसें पाहावें, याचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें.

तें उत्तर मागणारा प्रसंग यॉर्कशायर परगण्यांतील ब्रॅडफर्ड शहरीं घडला. तेथें विल्यम हार्डेकर नांवाचा मिठाईवाला बाजारांत मांडव टाकून पेपरमिंटच्या वड्या विकी. वड्या जोसेफ नील हा कारखानदार करून देई. साखर महाग, म्हणून वड्यांत साखरेच्या जोडीला प्लास्टर ऑफ पॅरिससारखी एक पांढरी भुकटी घालण्याची सर्रास वहिवाट होती. धंद्यांत तिला 'डॅफ' म्हणत. ऑक्टोबर १८५८ मध्यें नीलनें आपल्याकडे राहणाऱ्या एका इसमास शिप्ले येथील हॉजसन या औषधविक्याकडे डॅफ आणावयास धाडलें. हॉजसन आजारी पडून अंथरुणावर होता. त्याचा नवशिका मदतनीस गॉडर्ड यानें त्याला डॅफ कोठें आहे तें विचारलें. माळ्यावर कोपऱ्यांतल्या पिंपांत आहे, असें उत्तर मिळालें. माळ्यावर पांढऱ्या भुकटीचीं पिंपें होतीं आणि त्यांवर चिठ्ठी नव्हती. गॉडर्डनें १२ रत्तल भुकटी मोजून दिली. ती डॅफ नव्हती. तो सोमल होता.

अॅपल्टन नांवाच्या कारागिरानें त्या भुकटीच्या ४० रत्तलांवर वड्या केल्या. करतां करतां त्यालाच बरें वाटेनासें झालें. पण संशय कोणास आला नाहीं. वड्यांचा रंग नेहमीसारखा नाहीं हें हार्डेकरच्या लक्षांत आलें. पण तेवढ्यावरून त्यानें नीलकडून भावांत सवलत मिळविली आणि माल उचलला! ३० ऑक्टोबरला, शनिवारीं, आठवड्याची मजुरी हातीं पडलेल्या गिरणीकामगारांनीं मुलांसाठीं त्या वड्या घेतल्या. त्या रात्रीं ५ रत्तल माल खपला. हार्डेकरनें स्वतः एक वडी तोंडांत टाकली आणि तोहि आजारी पडला. एका वडींत मनुष्यास मारण्यास पुरून उरेल इतका सोमल होता. दुसऱ्या दिवशीं पहिलीं दोन मुलें दगावलीं तेव्हां डॉक्टरांस पटकीचा संशय आला. मरणांचा आंकडा वाढूं लागला तेव्हां पोलिसांनीं माग काढला. मांडवावरून कारखान्याकडे, कारखान्यावरून औषधाच्या दुकानाकडे, आणि दुकानांतून त्या माळ्याकडे. सुमारें २० माणसें मेलीं आणि २०० हून अधिक अत्यवस्थ झालीं.

गॉडर्ड, हॉजसन व नील यांच्यावर मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यांत आला. परंतु तिघांपैकीं कोणासहि शिक्षा झाली नाहीं. कारण कायद्याच्या दृष्टीनें कोणीहि गुन्हा केलेला नव्हता. सोमलाच्या विक्रीवर १८५१ च्या कायद्यानें निर्बंध घातले होते. पण मिठाईंत भुकटी घालण्यास मनाई करणारा कायदा नव्हता. गॉडर्डची चूक ही चूक होती, आणि डॅफ घालणें हा धंदा होता. त्या दिवशीं गॉडर्डनें योग्य पिंप उघडलें असतें तर त्या मुलांनीं प्लास्टर खाल्लें असतें आणि कोणीहि कांहीं बोललें नसतें. 'पंच' साप्ताहिकानें मिठाई करणाऱ्या हाडांच्या सांपळ्याचें व्यंगचित्र छापलें तें याच वेळीं.

१८६० सालीं इंग्लंडांत भेसळीविरुद्ध पहिला सर्वसाधारण कायदा झाला. तो अगदींच लुळापांगळा होता. स्थानिक संस्थांनीं परीक्षक नेमावे असें नव्हे, वाटल्यास नेमावे असें त्यांत म्हटलें होतें, आणि पुष्कळांस तसें वाटलेंच नाहीं. शिवाय विकणारानें जाणूनबुजून विकलें हें फिर्यादीनें सिद्ध करावयाचें. दुकानदारानें "मला ठाऊक नव्हतें" म्हटलें कीं काम संपलें.

याच सुमारास जेथें अन्न तयार होतें त्या जागांकडेहि सरकारचें लक्ष गेलें. लंडनचे बहुतेक भटारखाने तळघरांत होते. भटारी रात्रभर तेथेंच राबत, तेथेंच पिठाच्या फळ्यांवर अंग टाकीत. सरकारनें नेमलेल्या ट्रेमेनहीर यांच्या चौकशीनें १८६२ मध्यें घाम, कोळ्यांचीं जाळीं आणि झुरळें यांसह मळल्या जाणाऱ्या कणकेची हकीकत प्रसिद्ध केली, आणि १८६३ मध्यें भटारखान्यांचा कायदा झाला. भिंतींना दर सहा महिन्यांनीं चुना द्यावा अगर रंगविलेल्या भिंती गरम पाणी व साबण यांनीं धुवाव्या, भटारखान्याशेजारीं निजण्याची जागा असल्यास ती पुरती वेगळी असावी, १८ वर्षांखालील मुलांस रात्रीं ९ ते पहाटे ५ कामास लावूं नये, असे त्यांतील नियम होते. अधिकाऱ्याला आंत जाऊन पाहण्याची मुभा होती. पदार्थ तपासणें आणि पाकशाळा तपासणें हे पुढें जोडीनें चालणारे दोन मार्ग येथें पहिल्यानें शेजारीं आले.

१८७२ च्या कायद्यानें निरीक्षकांस स्वतः नमुने विकत घेण्याचा अधिकार मिळाला, आणि १८७५ च्या अन्न व औषध विक्रीच्या कायद्यानें खरा पाया घातला. गिऱ्हाइकानें जो पदार्थ मागितला त्याच जातीचा, द्रव्याचा व प्रतीचा तो नसेल, तर विकणारा दोषी, असें कलम त्यांत आलें. नमुन्याचे तीन भाग करण्याचा नियमहि त्यांतलाच. एक भाग परीक्षकाकडे, एक दुकानदाराच्या हातीं, आणि एक निरीक्षकापाशीं मोहोरबंद. परीक्षक खोटा ठरवितो असें दुकानदारास वाटलें तर त्याच्यापाशीं त्याच पदार्थाचा पुरावा आहे. दोघांचें जुळलें नाहीं तर तिसरा भाग आहे. हॅसलच्या एकट्याच्या डोळ्यांवर जें अवलंबून होतें त्याला या तीन बाटल्यांनीं न्यायाचें रूप दिलें.

तरीहि वकील मंडळींनीं एक फट शोधून काढलीच. कायद्यांत गिऱ्हाइकाचें नुकसान होईल अशी विक्री, असे शब्द होते. निरीक्षक तर सरकारच्या पैशानें, खाण्यासाठीं नव्हे तर तपासण्यासाठीं विकत घेतो. मग त्याचें नुकसान काय झालें? असा बिनतोड दिसणारा युक्तिवाद त्यांनीं न्यायालयांत केला. हा युक्तिवाद टिकता तर सगळी तपासणीच निकालांत निघाली असती. १८७९ सालीं न्यायालयानें तो फेटाळला, आणि त्याच वर्षीं पार्लमेंटनें दुरुस्तीचा कायदा करून तो मार्ग कायमचा बंद केला.

या कामांत झिजलेल्या माणसांची पुढील हकीकत थोडकीच आहे. अॅकम १८३८ मध्यें बर्लिन येथें वारला. पोस्टगेटनें आपली कमाई व प्रकृति दोन्ही या चळवळींत घालविलीं आणि तो १८८१ सालीं निधन पावला. हॅसलला १८६६ मध्यें क्षयानें गांठलें. त्यांतून उठल्यावर त्यानें वाइट बेटावर व्हेंटनर येथें क्षयरोग्यांसाठीं रुग्णालय काढलें, आणि इटलींत सान रेमो येथें १८९४ सालीं देह ठेवला.

त्यांच्या तीन बाटल्या मात्र समुद्र ओलांडून आल्या. मुंबई इलाख्यांत भेसळ प्रतिबंधाचा कायदा १९२५ सालीं झाला. स्वतंत्र भारताचा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. तो १ जून १९५५ पासून अंमलांत आला, आणि त्यांतहि निरीक्षकानें किंमत देऊन घेतलेल्या नमुन्याचे तीन भाग करून ते मोहोरबंद करावे असेंच कलम होतें. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानें त्याची जागा घेतली. ५ ऑगस्ट २०११ पासून तो अंमलांत आहे, आणि महाराष्ट्रांत अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी त्याप्रमाणें दुकानें, मिठाईवाले व उपाहारगृहें तपासतात. त्यांत नमुन्याचे भाग आतां चार केले जातात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि चौथा, विकणारानें तशी मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. त्या तपासणीचा खर्च विकणारा सोसतो.